मोटारीची तार आणि व्हेपची कॉइल



रात्रीचे साडेदहा वाजले होते. गल्लीतली एक ताई धावत आली. "सिस्टर, लवकर चला. पोराची मांडी भाजली." मी पेटी घेऊन निघाले. पोरगा एकोणीस वर्षांचा, चिकलठाणा एमआयडीसीत एका रिवायंडिंगच्या दुकानात काम करतो. मांडीवर तळहाताएवढी जखम होती आणि तिच्यावर टूथपेस्ट थापलेली. पॅन्टचा खिसा जळून गेला होता.

"कशानं भाजलं?" विचारलं, तर आधी गप्प. मग हळूच म्हणाला, "खिशात सेल व्हता, मावशी. किल्ल्या बी त्यातच व्हत्या."

टूथपेस्ट धुऊन काढली, नळाखाली वीस मिनिटं पाणी सोडलं, स्वच्छ ओल्या कापडानं जखम झाकली आणि त्याला मिनी घाटीत नेलं. परत आल्यावर आईनं पलंगाखालून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत बारीक तारेचं रीळ, कापूस, छोटा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, मल्टिमीटर, दोन लांबोडके सेल, आंब्याच्या वासाची बिनलेबलची बाटली आणि काचेची एक छोटी टाकी होती. ती म्हणाली, "मला वाटलं पोरगं मोटारीचं काम घरी आणतंय. मी तर खूश व्हते."

तो घरी व्हेपच्या कॉइल गुंडाळत होता. आधी स्वतःसाठी, मग चार दोस्तांसाठीही. सिगारेट, बिडी, गुटखा आपल्याला ओळखता येतो. हा डबा मात्र कितीतरी आईबापांना ओळखता येणार नाही. म्हणून या वेळी त्याच्याबद्दल लिहिते.

हे यंत्र आहे तरी काय?

व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट. २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञानं आजच्या रूपातली ई-सिगारेट बनवली. तिथून ती जगभर पसरली.

आपल्या कंदिलात जशी वात रॉकेल वर ओढते, तशी व्हेपमध्ये कापसाची वात टाकीतलं लिक्विड ओढून घेते. त्या कापसाभोवती तार गुंडाळलेली असते. तीच कॉइल. बटण दाबलं की सेलमधून करंट येतो, तार लाल होते, लिक्विड तापतं आणि पांढरी वाफ निघते. लिक्विडमध्ये बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटीन असतं.

साध्या व्हेपमध्ये कॉइल कारखान्यातून बंद होऊन येते आणि जळली की फेकून देतात. दुसऱ्या प्रकारची टाकी पुन्हा पुन्हा बांधता येते. तिच्या तळाशी दोन स्क्रू असतात. तिथे आपली तार बसवायची, आपला कापूस घालायचा. तयार कॉइलपेक्षा तार स्वस्त पडते, वाफ जास्त निघते आणि स्वतः केल्याचा आनंदही मिळतो. मोटारीचं वाइंडिंग शिकलेल्या पोराला हे काम सोपंच वाटतं. तार, वेढे, ओहम, मल्टिमीटर हे तो रोजच हाताळत असतो. पण मोटार बिघडली तर परत खोलता येते. छातीचं तसं नाही.

तारेचा हिशोब

मी त्याला रागावले नाही. वही काढली आणि त्याच्याच भाषेत हिशोब मांडायला लावला.

पूर्ण चार्ज झालेला असा एक सेल ४.२ व्होल्ट देतो. व्होल्टला ओहमनं भागलं की करंट मिळतो. कॉइल १ ओहमची असेल तर ४.२ अँपिअर. अर्ध्या ओहमची असेल तर ८.४. जास्त वाफेसाठी पोरं तार जाड घेतात, वेढे कमी करतात आणि ०.२ ओहमपर्यंत खाली येतात. तेव्हा २१ अँपिअर. ०.१ ओहम झालं तर ४२. वॅटमध्ये बघा: ०.२ ओहमच्या कॉइलमधून जवळजवळ ८८ वॅट जातात. आपला छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. त्याहून जास्त शक्ती ओठांपासून चार बोटांवर तापत असते.

जुन्या लॅपटॉपच्या किंवा पॉवर बँकेच्या बॅटरीतून काढलेले सेल एवढा करंट एकदम द्यायला बनवलेले नसतात. ते तापतात, फुगतात आणि फुटतात. तार वाकडी होऊन टाकीच्या धातूला टेकली तर थेट शॉर्ट. काही यंत्रांत शॉर्ट झाल्यावर करंट तोडणारं सर्किट असतं. साध्या नळीच्या यंत्रांत काहीच नसतं.

खिशातल्या सेलचंही तेच झालं. या सेलचं एक टोक धन असतं आणि बाकीचं सगळं अंग ऋण. मध्ये फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टन. ते फाटलं आणि किल्ली दोन्हीकडे टेकली की सेल पेट घेतो. खिसा म्हणजे मांडीला चिकटलेली भट्टीच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात व्हेप फुटून एका माणसाचा मृत्यू झाला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात २४ वर्षांचा तरुण गेला. फुटलेल्या यंत्राच्या तुकड्यानं त्याच्या मानेतली रक्तवाहिनी फाटली होती.

छातीत काय जातं?

"मावशी, ही नुसती वाफ आहे," असं पोरं सांगतात. पाण्याची वाफ असती तर मला एवढं लिहावं लागलं नसतं.

पहिली गोष्ट तारेची. कॉइलसाठी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची कँथल तार, निकेल आणि क्रोमियमची नायक्रोम तार किंवा स्टेनलेस स्टील वापरतात. तार रोज शेकडो वेळा लाल होते, विझते आणि झिजते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज व्हेप ओढणाऱ्या ५६ जणांची यंत्रं तपासली. कॉइलला लागून तापलेल्या लिक्विडमध्ये आणि वाफेत त्यांना शिसं, निकेल, क्रोमियम, मँगनीज सापडलं. बाटलीतल्या ताज्या लिक्विडमध्ये हे धातू कितीतरी कमी होते. शिसं मेंदूला वाईट, निकेल आणि क्रोमियम फुप्फुसाला. मोटारीची तांब्याची तार तर मुळीच नको. तिचा ओहम इतका कमी की ती शॉर्टसारखीच, आणि तिच्यावरचं इनॅमल जळून विषारी धूर निघतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. कापूस कोरडा पडला किंवा तार जास्त तापली की लिक्विडची घटकद्रव्यं तुटतात. कढईत तेल जास्त तापलं की डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघतो ना? त्यात ॲक्रोलिन असतं. जास्त तापलेल्या ग्लिसरीनमधूनही तेच निघतं. सोबत फॉर्माल्डिहाइड असतं. दवाखान्यात तपासणीला पाठवायचा मांसाचा तुकडा आम्ही ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवायचो, ते याचंच पाणी. हातानं बांधलेल्या कॉइलचं तापमान कोण मोजतं? घशात जळका ठसका बसला तरच कळतं, आणि तोवर ते आत गेलेलं असतं.

तिसरी गोष्ट बाटलीची. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणारी धडधाकट माणसं श्वास कोंडून दवाखान्यात भरती व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण गेले. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेलं लिक्विड ओढलं होतं. ते घट्ट दिसावं म्हणून त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट मुख्य कारण ठरलं. असला माल बहुतेकांनी ओळखीपाळखीतून किंवा चोरट्या विक्रेत्यांकडून घेतलेला होता. आपल्याकडे तर प्रत्येक बाटली चोरट्या मार्गानंच येते.

चौथी गोष्ट निकोटीनची. एका मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम निकोटीन असलेल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत १८० मिलिग्रॅम भरतं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम जातं. आंब्याच्या वासाची ती बाटली घरातल्या दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या हाती लागली तर? ओकारी, घाम, झटके आणि जिवाला धोका. असं झालं तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. कातडीवर सांडलं असेल तर धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन घाटी गाठा.

"बाहेर देशात डॉक्टरच देतात"

हाही प्रश्न त्या पोरानं विचारला, आणि तो खोटा नाही. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्यासाठी मोठ्या माणसांना व्हेप दिली जाते. जळणाऱ्या सिगारेटमधलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये बहुतेक नसतं, हेही खरं.

पण तिथे लिक्विडमध्ये एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, १८ वर्षांखालच्याला विक्री बंद आहे आणि विक्रीआधी मालाची नोंद करावी लागते. आपल्या पलंगाखालच्या डब्यावर यातली कुठली तपासणी झाली? शिवाय महाराष्ट्रात रोग वेगळा आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातली १०० पैकी साधारण २७ मोठी माणसं तंबाखू घेत होती, आणि त्यातली बहुतेक खाणारी. हा पोरगाही गुटखा सोडायचा म्हणून व्हेपवर गेला. आता त्याला दोन्ही लागतं.

कायदा काय म्हणतो?

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारनं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पोरांना त्यातल्या दोन गोष्टी माहीत नसतात.

एक, निकोटीन असो वा नसो, वाफ ओढायचं यंत्र या कायद्यात येतंच. "माझ्यात निकोटीन नाही" ही सबब चालत नाही. दोन, पूर्ण यंत्राइतकाच त्याचा कुठलाही भाग बनवणं किंवा विकणंही गुन्हा आहे. म्हणजे दोस्ताला पन्नास रुपयांत कॉइल गुंडाळून देणाराही त्यात येऊ शकतो. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आपल्या वस्तीतली कितीतरी पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. एक गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत सगळी मेहनत अडकते. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी टपरीवर मिळतो, म्हणून पोरांना बंदी म्हणजे गंमत वाटते. पण पकडला जातो तो कोण, हे आपल्या माणसांना सांगायला नको.

घरात सापडलं तर

आधी आरडाओरडा करू नका. पाचव्या शीलाची आठवण देऊन पोराला गप्प करता येतं, सवय सुटत नाही. "हे काय आहे, मला समजावून सांग," असं विचारा. पोरगा बोलायला लागला की अर्धं काम झालं.

सुटे सेल खिशात, उन्हात किंवा अंथरुणात ठेवू नका. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. भाजलं तर साधं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नका. जखम बॅटरीची आहे, हे डॉक्टरांना नक्की सांगा. आतल्या रसायनानंही कातडी जळते.

सोडायला मदत फुकट मिळते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. समोरचा माणूस न रागावता ऐकून घेतो. निकोटीनचा गम मेडिकलवर मिळतो. तो किती आणि कसा घ्यायचा, हे डॉक्टरांना विचारा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं. दोन ते चार आठवड्यांत हे उतरतं. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते. तेवढी मिनिटं पाणी प्या, बडीशेप चावा, बाहेर चक्कर मारा. मधे एखादा दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, सोडून द्यायचं नाही.

त्या पोराची जखम भरत आली आहे. डब्यातली टाकी त्यानं स्वतः हातोड्यानं फोडली आणि बाटली माझ्या हातात दिली. गुटखा अजून पूर्ण सुटलेला नाही. दिवसाच्या सात पुड्यांवरून दोनवर आलाय. एकदा घसरला, तेव्हा स्वतःच सांगायला आला. मल्टिमीटर मात्र मी त्याला परत दिला. ते त्याच्या पोटाचं हत्यार आहे. आता तो रविवारी वस्तीतल्या बायांचे बंद पडलेले मिक्सर दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात माझाही केला, आणि पैसे घेतले नाहीत.