स्टेपनी नसलेली गाडी

व्यापारी बंधूंनो, ताका घेताना आम्ही पन्हा मोजतो, कापड उजेडात धरून डाग शोधतो. पण गेल्या वर्षी नवी गाडी दारात आणली, तेव्हा डिकीतला पत्रा उचलून पाहण्याचे आम्हांला सुचले नाही. आत स्टेपनीच नव्हती. त्या जागी हवेचा छोटा पंप आणि रबरी द्रावणाची बाटली.

हे बेकायदा नाही. २०२० साली नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असला, की स्टेपनीची सक्ती नाही. (स्टेपनी हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचे. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा काढला.)

मालेगावहून भिवंडीला ग्रे कापडाचे नमुने घेऊन निघालो होतो. पार्टीने सहाची वेळ दिलेली. घोटीच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागचे डावे चाक निम्मे बसले होते. मुलगा म्हणाला, "अब्बा, घोटी दोनच किलोमीटर आहे, हळूहळू नेतो."

घाई आम्हांलाही होती, तरी नको म्हटले. बसलेल्या टायरवर गाडी चालवली की रिमखाली टायरची बगल चिरडते. मग दीड-दोनशे रुपयांचे पंक्चर राहत नाही, नवा टायर घ्यावा लागतो.

गाडी कडेला घेतली, चारी दिवे लावले. रस्त्याला टेकणाऱ्या जाड भागात खिळा रुतलेला दिसला. मुलगा पक्कड शोधू लागला. त्याला थांबवले. ट्यूबलेसमध्ये तोच खिळा भोकाला बूच असतो. उपटला की उरलेली हवाही गेली. इंजिन चालू ठेवून पंपाची पिन सॉकेटात लावली, ३३ पौंड हवा भरली आणि दहा मिनिटे थांबलो. दोनच पौंड उतरली. म्हणून बाटली फोडली नाही. ती फोडायची खिळा निघून गेला असेल किंवा हवा टिकतच नसेल तेव्हा, आणि भोक साधारण खिळ्याएवढेच असेल तर. शिवाय द्रावण भरले असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगावे, नाहीतर टायर उघडताच त्याचे हात आणि आपले नाते दोन्ही चिकट होतात.

बगल फाटली असती, तर पंप आणि बाटली दोन्ही बिनकामाची. मग क्रेन बोलवायची, दुसरा इलाज नाही.

पार्टीला फोन करून खरे ते सांगितले. त्यांनी सकाळी दहाची वेळ दिली. तसेच कसारा घाट उतरायचा मोह होता, पण आधी घोटीला गेलो. पंक्चरवाल्याने खिळा काढला, सुयाने भोक साफ करून रबराची पट्टी दाबून बसवली, साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहिले. पंधरा मिनिटांचे काम.

निघताना त्याने बाटली उलटी करून तळाची तारीख दाखवली. "चाचा, हिलाही मुदत असते." चार-पाच वर्षांत ते द्रावण निकामी होते. ती तारीख आता आमच्या उधारीच्या वहीत पहिल्या पानावर आहे.