पहिल्या आठवड्यातील वजनघट आणि इन्सुलिनचा अंमल

भात, भाकरी आणि साखर यांस आहारातून रजा दिल्यावर पहिल्या आठवड्यातच वजन दोन-एक किलोंनी उतरते, तेव्हा ती सारी चरबीच वितळली असा जो सार्वत्रिक समज होतो, तो दूर करणे मला अगत्याचे वाटते. कारण त्या घटीचा बहुतांश भाग पाण्याचा असतो.

यकृतात सुमारे १०० आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली शर्करा, शिलकीस असते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असल्यामुळे, पिष्टमय पदार्थांची आवक घटून ही शिल्लक खर्ची पडू लागली की ते पाणीही मोकळे होते. याहून मनोहर व्यवहार मूत्रपिंडांत चालतो. रक्तशर्करेची व्यवस्था पाहणारे इन्सुलिन मूत्रपिंडांना सोडियम राखून ठेवण्याचाही हुकूम देत असते. पिष्टमय पदार्थ घटून इन्सुलिनची पातळी उतरली म्हणजे हा अंमल सैल पडतो, सोडियम बाहेर जाते आणि त्याच्यामागोमाग पाणी. आरंभीची डोकेदुखी, थकवा आणि उठताना येणारी भोवळ यांचे एक मोठे कारण हेच होय. उलट, लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी किलोभर वजन वाढलेले दिसते, तेही मुख्यत्वे पाणीच. त्यापायी कोणी हताश होऊ नये.

मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी अन्य औषधे घेणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाच्या रुग्णांनी, डॉक्टरांकडून औषधांची मात्रा तपासून घेतल्यावाचून हा आहार कदापि आरंभू नये.