स्नानगृह : रचना व नूतनीकरण

स्नानगृह : स्नान व शरीरशुद्धी यांसाठी घरात राखलेली, पाणीपुरवठा व सांडपाण्याचा निचरा यांची सोय असलेली खोली. मराठीत तिला न्हाणी, न्हाणीघर किंवा मोरी असेही म्हणतात. शहरी घरांत स्नानगृह व शौचकूप पुष्कळदा एकाच खोलीत असतात. आकाराने लहान असली, तरी पाणी, मैलापाणी, वीज व उष्णता ही सर्व या खोलीत एकत्र येतात. त्यामुळे तिच्या रचनेतील चुका लवकर जाणवतात व दुरुस्तीस महाग पडतात. नूतनीकरणात लक्ष बहुधा फरशी, नळ व आरसे यांकडे जाते; परंतु स्नानगृहाचा टिकाऊपणा मुख्यतः फरशीखालील न दिसणाऱ्या कामावर अवलंबून असतो.

पूर्वपीठिका : मोहें-जो-दडो येथील महास्नानगृह (इ. स. पू. सु. २५००) सु. १२ मी. लांब, ७ मी. रुंद व २.४ मी. खोल आहे. त्याच्या विटा जिप्समच्या चुन्यात बसविलेल्या असून पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला होता. म्हणजे जलाभेद्यतेचा प्रश्न स्नानगृहाइतकाच जुना आहे. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचपात्राखालील नळास बाक देऊन त्यात पाणी साठून राहील अशा रचनेचे एकस्व मिळविले. या पाण्यामुळे गटारातील दुर्गंधीयुक्त वायू घरात येत नाही. आजच्या प्रत्येक स्नानगृहातील सापळा याच तत्त्वावर चालतो.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत न्हाणी बहुधा मागील बाजूस, परसालगत असे. तांब्याच्या बंबात पाणी तापवीत, घंगाळात काढून घेत व सांडपाणी परसातील झाडांकडे वळवीत. मुंबईच्या चाळींत खोलीच्या कोपऱ्यातील मोरी हीच न्हाणी असे. शौचकूप मात्र मजल्यावरील सर्व बिऱ्हाडांना सामाईक असत. प्रबलित काँक्रीटच्या बहुमजली इमारतींत स्नानगृहे एकावर एक आली व एका कुटुंबाची फरशी दुसऱ्याचे छत ठरली. पाण्याची गळती त्यामुळे केवळ घरमालकापुरती राहिली नाही.

निचरा व जलाभेद्यता : फरशीस निचऱ्याच्या दिशेने ८० ते १०० भागांस १ भाग इतका उतार देतात. पाणी नहाणी ट्रॅपमधून बाहेर जाते. त्यातील पाण्याची पातळी सु. ५ सेंमी. राहावी लागते. बंद घरात हे पाणी वाळून दुर्गंधी येते. अशा वेळी तांब्याभर पाणी ओतल्यास ती थांबते. अनेक इमारतींत स्नानगृहाखालील स्लॅब खोलगट ठेवून त्यात नळ टाकतात व वर विटांच्या तुकड्यांचा भराव करतात. भरावात पाणी मुरल्यास ते दीर्घकाळ साचून राहते, स्लॅबमधील सळया गंजून फुगतात व खालच्या घराच्या छताचे पोपडे पडू लागतात. म्हणून जलाभेद्य थर भरावाच्या खाली व वर असा दोन्हीकडे देणे, तो भिंतीवर किमान ३० सेंमी. चढविणे आणि नळ जेथे स्लॅब भेदून जातो तेथील सांधा काळजीपूर्वक भरणे आवश्यक असते. वरची फरशी व तिच्या सांध्यांत भरलेले द्रव्य ही जलाभेद्य थराची जागा घेऊ शकत नाहीत.

अलीकडील प्रवृत्ती : स्नानाचा ओला भाग व उर्वरित कोरडा भाग काचेच्या पडद्याने वेगळे करणे, मोठ्या आकाराच्या फरश्या वापरणे, शौचपात्र भिंतीस टांगून त्याची टाकी भिंतीत लपविणे आणि नळजोड भिंतीआड नेणे या प्रवृत्ती रूढ झाल्या आहेत. मोठ्या फरशीमुळे सांधे कमी होतात. परंतु एकाच निचऱ्याकडे चारही बाजूंनी उतार देणे तिच्यात कठीण जाते. टांगत्या शौचपात्रामुळे जमीन धुणे सोपे होते. मात्र लपविलेल्या टाकीपर्यंत दुरुस्तीसाठी पोहोचण्याची वाट ठेवावी लागते. लोखंडी नळांची जागा सीपीव्हीसी व तत्सम प्लॅस्टिक नळांनी घेतली आहे. ते गंजत नाहीत, परंतु भिंतीत झाकण्यापूर्वी त्यांची दाबाखाली चाचणी घ्यावी लागते. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटविण्याची पद्धत कमी खर्चाची व कमी आवाजाची आहे. तथापि मूळ गळती तिच्याखाली तशीच राहते व जमिनीची पातळी उंचावून पाणी उंबऱ्याबाहेर येण्याचा संभव वाढतो.

पाण्याची बचत : भारतातील शहरी पाणीपुरवठ्याच्या योजनांत दरडोई दररोज १३५ लि. पाणी गृहीत धरले जाते. जुन्या टाक्यांतून एका वेळी १० लि. किंवा अधिक पाणी वाहून जाई. ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमारास दोन बटनांची टाकी प्रचारात आली. आजच्या अशा टाक्यांत साधारणतः ३ व ६ लि. पाणी लागते. तुषारस्नानात मिनिटास सु. १० लि. पाणी जाते, तर बादलीभर पाण्यात, म्हणजे १५ ते २० लिटरांत, स्नान पूर्ण होते. बादली व तांब्या यांची सोय राखणे त्यामुळे आजही उपयुक्त आहे.

सुरक्षितता : गुळगुळीत ओल्या फरशीवर घसरून वृद्धांना अस्थिभंग होण्याचा धोका असतो. खडबडीत पृष्ठाची फरशी, भिंतीत घट्ट बसविलेले आधारदांडे, बसून स्नान करण्यासाठी चौरंग किंवा आसन आणि बाहेरून उघडता येणारी कडी हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. चाकांची खुर्ची वळविण्यासाठी १.५ मी. व्यासाची मोकळी जागा लागते. विजेच्या तापकास स्वतंत्र मंडल, भूयोजन व ३० मिलिअँपिअरला विद्युत् प्रवाह तोडणारे साधन असावे. बंद खोलीत गॅसवरील तापक वापरल्यास अपूर्ण ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड साचतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची चाहूल लागत नाही आणि स्नान करणारी व्यक्ती बेशुद्ध होऊन दगावू शकते. म्हणून असा तापक खोलीबाहेर, हवेशीर जागी बसवितात.

नूतनीकरणाचा क्रम : प्रथम गळतीचे कारण शोधून मगच तोडफोड करावी. स्लॅब वा तुळई यांस छिद्र पाडण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. निचऱ्याचे व पाण्याचे नळ बसविल्यावर जलाभेद्य थर देतात. त्यानंतर निचऱ्याचे तोंड बंद करून खोलीत २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवतात व खालच्या छतावर ओल दिसते का ते पाहतात. ही चाचणी पार पडल्यावरच फरशी बसवावी. घाईमुळे बहुधा हीच पायरी गाळली जाते. भिंती झाकण्यापूर्वी नळांची छायाचित्रे काढून ठेवल्यास पुढील दुरुस्ती सोपी होते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक नळांच्या गळतीचा खर्च संस्थेकडे, तर सदनिकेतील स्नानगृहाच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदाकडे असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर काम काढण्यापूर्वी खालच्या घराच्या छताची उभय कुटुंबांनी मिळून पाहणी करणे दोघांच्याही हिताचे ठरते.