गुंडाळले न जाणारे शीड

मुलांनो, शिडाची छोटी नौका तुम्ही समुद्रात किंवा चित्रात पाहिली असेल. शीड म्हणजे तुमचे बादबान. अशा नौकेच्या पुढच्या त्रिकोणी शिडाला जिब म्हणतात. वारा वाढला की ते आवरावे लागते. पूर्वी त्यासाठी खलाशाला उसळत्या नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, जावे लागे. (खलाशी आणि सुकाणू हे शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. ते मूळ अरबी आहेत.) आता पुष्कळ नौकांवर मागे बसूनच दोरी ओढतात आणि वर्गातला नकाशा गुंडाळावा तसे शीड गुंडाळले जाते.

नाळेपासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत एक जाड तार ताणलेली असते. तिच्यावर अॅल्युमिनियमची लांब नळी बसवतात. नळीच्या खाचेत शिडाची कड अडकवलेली असते. नळीच्या तळाशी एक मोठे रीळ असते. त्यावरची दोरी ओढली की रीळ, नळी आणि शीड एकदमच फिरतात. वरच्या टोकाला भोवरकडी असते. तिचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो. वरच्या भागाला शीड चढवण्याचा दोर बांधलेला असतो. तो भाग मात्र फिरता कामा नये.

खरी अडचण बहुधा येथेच होते. हा दोर तारेच्या अगदी जवळून, तिला समांतर गेला, तर तोही तारेभोवती वेटोळे घालू लागतो. दोन-चार फेरे झाले की सारे जाम होते. अशा वेळी घाबरून विंच लावून जोर करू नका! दोराच्या पिळाने तारेचे पदर उलगडतात, तार तुटते आणि डोलकाठीच कोसळू शकते. दुर्बिणीने शेंड्याकडे पाहा. दोर व तार यांच्यात सुमारे 8 ते 10 अंशांचा कोन हवा. तो नसेल तर डोलकाठीवर एक कडी बसवून दोर तिच्यातून मागे घेतात. शीड आखूड असल्यामुळे भोवरकडी फार खाली राहत असेल, तर शिडाला तारेचा तुकडा जोडून ती वर नेतात.

कधी दोष खाली, रिळात असतो. शीड उघडताना दोरी हातातून सैल सोडली, तर ती रिळावर गुंतते. म्हणून उघडतानाही तिला थोडा ताण द्यावा. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळले जाते आणि दोरी जास्त लागते, म्हणून रिळावर तीन-चार फेरे जादा ठेवतात. मिठाने बेअरिंग अडकले असेल, तर गोड्या पाण्याने धुवावे. ग्रीस मात्र विचारून लावा. काही बेअरिंगांना ते चालत नाही.

आणि भर समुद्रात, वारा वाढत असताना शीड अडकले तर? तेव्हा नौकेची पाठ वाऱ्याकडे करतात. मोठ्या शिडाच्या आडोशाला जिब मलूल होते. मग ते पूर्ण उघडून, वरच्या दोराचा ताण थोडा कमी-जास्त करून, पुन्हा हळूहळू गुंडाळून पाहतात. तेही जमले नाही, तर कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून एक जण पुढे जातो आणि हात पोहोचेल तेथपर्यंत शीड दोरीने तारेला आवळून बांधतो. वरचा भाग फडफडत राहतो. तशाच स्थितीत नौका बंदराकडे वळवतात.