मालकी बदलल्यावर क्लब कोणाचा? पुणे–हैदराबाद–दिल्ली या फुटबॉल प्रवासाच्या संदर्भात चाहत्यांच्या वादाचा विचार

प्रास्ताविक

अडचणीत आलेला फुटबॉल क्लब नव्या मालकाच्या हाती जातो, तेव्हा त्याच्या चाहत्यांमध्ये वाद सुरू होतो. संघ नव्याने बांधावा की आहे तोच सावरावा, पैसा परदेशी खेळाडूंवर खर्च करावा की स्थानिक मुलांवर, नव्या मालकाला किती काळ द्यावा, असे या वादाचे वरवरचे स्वरूप असते. इंग्लंड व जर्मनीत हा विषय शंभर वर्षांच्या परंपरेतून आलेला आहे. भारतात मात्र इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि अवघ्या एका दशकात येथील चाहत्यांना मालकी बदलण्याचे जवळजवळ सर्व प्रकार पाहावयास मिळाले. त्यांपैकी सर्वांत बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातून सुरू होते. पुण्याच्या क्लबची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली, तो क्लब विजेता झाला, डबघाईस आला, पुन्हा विकला गेला आणि अखेरीस दिल्लीस गेला. सदर लेखात या प्रवासाच्या आधारे चाहत्यांच्या वादाचा ऊहापोह केला आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या दृष्टीने या विषयाला एक वेगळे परिमाण आहे. येथे व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. येथील तरुण जो संघ आपला मानतो तो दुरूनच, बहुधा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनच मानतो. बल्लारशाहहून लोहमार्गाने सिकंदराबाद पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुणे त्याहून बरेच दूर. सिरोंचा तालुक्याचा तर तेलुगू मुलखाशी व्यवहार जुनाच. म्हणजे २०१९ मध्ये पुण्याचा क्लब महाराष्ट्राबाहेर गेला तेव्हा नकाशाच्या हिशेबाने तो या जिल्ह्यांच्या जवळ आला, आणि २०२५ मध्ये दिल्लीस गेला तो बल्लारशाहवरून जाणाऱ्या त्याच दक्षिण-उत्तर लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला. जवळ येऊनही तो ‘आपला’ झाला नाही आणि दूर गेल्याने कोणी हळहळले नाही. असे का झाले असावे, हा प्रश्न महानगरातील चाहत्यांच्या वादाशी थेट जोडलेला आहे.

पुण्यातील पूर्वपीठिका

एफसी पुणे सिटी हा लीगच्या पहिल्या आठ संघांपैकी एक. राजेश वाधवान ग्रुप हा त्याचा प्रमुख मालक, तर अभिनेता हृतिक रोशन सहमालक होता. मात्र पुण्याचे व्यावसायिक फुटबॉल त्याच्यापासून सुरू झाले नव्हते. अशोक पिरामल ग्रुपने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे एफसी आय-लीगमध्ये खेळत होता व २०१२-१३ च्या हंगामात तो उपविजेता ठरला होता. तो क्लब बंद झाला आणि त्याची अकादमी २०१६ मध्ये पुणे सिटीने घेतली. डीएसके शिवाजियन्स हा पुण्याचाच तिसरा क्लबही २०१७ नंतर आय-लीगमधून दिसेनासा झाला. एकाच शहराने पाच वर्षांत तीन क्लब गमावले, ही बाब खेळाच्या अभ्यासकांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली दिसत नाही.

पुणे सिटीची उत्तम कामगिरी २०१७-१८ च्या हंगामातली. मार्सेलिन्यो व एमिलियानो अल्फारो यांच्या बळावर संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला व तेथे बंगळुरूकडून पराभूत झाला. पुढच्या हंगामात सुरुवातीलाच प्रशिक्षक बदलावा लागला आणि संघ सातव्या स्थानावर राहिला. मैदानावरची ही घसरण तशी भरून निघण्यासारखी होती. क्लब बुडाला तो मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी हा क्लब येत असल्याचे जाहीर झाले; विजय मद्दुरी व वरुण त्रिपुरनेनी हे त्याचे मालक होते. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोजही भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला.

हैदराबादेतील पुनर्बांधणी

नव्या मालकांपुढे दोन मार्ग होते. पुण्याचाच संघ पुढे चालवायचा की सर्व नव्याने उभारायचे? पहिल्या वर्षी वेळच नसल्याने त्यांनी पहिला मार्ग धरला. पुण्याचे प्रशिक्षक फिल ब्राऊन हैदराबादचे प्रशिक्षक झाले. मार्सेलिन्यो, मार्को स्टान्कोविच, आदिल खान, निखिल पुजारी हे खेळाडूही पुण्याहून आले. परिणाम असा झाला की ऑक्टोबर २०१९ मधील पहिल्याच सामन्यात कोलकात्याच्या एटीकेने ५-० असा पराभव केला, हंगामाच्या मध्यावर ब्राऊन यांना जावे लागले आणि १८ सामन्यांत दोन विजय व १० गुणांसह संघ तळाला राहिला.

खरी पुनर्बांधणी २०२० मध्ये सुरू झाली. स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी नामवंतांच्या मागे न लागता तरुण भारतीय खेळाडूंवर विसंबून संघ बांधला. २०२०-२१ मध्ये पाचवे स्थान मिळाले. २०२१-२२ मध्ये साखळीत दुसरे स्थान आणि नंतर विजेतेपद. २० मार्च २०२२ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होराने बरोबरी साधली आणि पेनल्टीमध्ये गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन फटके अडवले. बार्थोलोम्यू ओगबेचे याचे त्या हंगामात १८ गोल होते. पुण्याहून आलेल्या निखिल पुजारीच्या हातीही विजेत्याचे पदक आले.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. कोविडमुळे २०२०-२१ व २०२१-२२ हे दोन्ही हंगाम गोव्यातच खेळवले गेले. तळापासून शिखरापर्यंतचा हा संपूर्ण प्रवास हैदराबादच्या गच्चीबावली मैदानावर एकही साखळी सामना न होता घडला. चाहत्यांनी आपल्या संघाची पुनर्बांधणी मैदानात बसून पाहिलीच नाही. सिरोंचातील प्रेक्षक आणि हैदराबादमधील प्रेक्षक यांच्यात त्या दोन वर्षांत काहीच अंतर नव्हते. दोघेही पडद्यासमोरच होते.

पुढची घसरणही तितकीच वेगवान होती. २०२२-२३ मध्ये संघ पुन्हा दुसरा आला, पण वर्षभरातच खेळाडूंचे वेतन थकले, खेळाडू नोंदणीवर फिफाची बंदी आली व परदेशी खेळाडू निघून गेले. २०२३-२४ चा उत्तरार्ध मुख्यतः अकादमीतील मुलांवर काढावा लागला. २२ सामन्यांत एक विजय, एकूण ८ गुण. २०२४ मध्ये बी. सी. जिंदाल ग्रुपने क्लब घेतला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत गेला.

चाहत्यांच्या वादाचे स्वरूप

या प्रत्येक टप्प्यावर चाहत्यांमध्ये जे मतभेद झाले त्यांची वरवर पाहता सरमिसळ दिसते. वस्तुतः तेथे दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे दिली जात असतात. एक पक्ष संघाविषयी बोलतो, तर दुसरा क्लबविषयी. संघ म्हणजे यंदाचे अकरा खेळाडू, प्रशिक्षक आणि गुणतक्ता. क्लब म्हणजे शहर, मैदान, रंग, नाव, अकादमी आणि बापाने मुलाला बोट धरून सामन्याला नेल्याची आठवण. ‘नव्या मालकाने पैसा ओतला, काय बिघडले?’ असे म्हणणारा पहिल्याविषयी बोलत असतो आणि ‘हा आमचा क्लबच राहिला नाही’ असे म्हणणारा दुसऱ्याविषयी. दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्याने वाद मिटत नाही.

हैदराबादच्या उदाहरणावरून असे म्हणावे लागेल की संघ दोन-तीन वर्षांत बांधता येतो. त्यासाठी जाणता प्रशिक्षक, संयम आणि वेळेवर दिलेले वेतन पुरते. क्लब मात्र विकत घेऊन बांधता येत नाही. पुण्याच्या चाहत्यांच्या ‘ऑरेंज आर्मी’ या गटाला २०२२ च्या विजेतेपदाचा आनंद मानण्याचे कारणच उरले नव्हते. नोंदीत पुणे सिटी बंद झाला होता आणि हैदराबाद नवा क्लब होता. प्रशिक्षक, खेळाडू व लीगमधील जागा हे सर्व पुढे गेले. मागे राहिले ते फक्त प्रेक्षक.

हैदराबादच्या बाजूनेही न्याय्य युक्तिवाद होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता. रहीम यांच्याच प्रशिक्षणाखाली भारताने १९६२ चे आशियाई सुवर्णपदक मिळवले. अशा शहराला अव्वल लीगमध्ये संघ नसावा, ही उणीव होतीच. पण एका शहराची उणीव दुसऱ्या शहराच्या संघाने भरून काढण्याची ही रीत सहा वर्षांनी हैदराबादवरही उलटली. दिल्लीलाही २०१९ मध्ये गमावलेला संघ २०२५ मध्ये परत मिळाला खरा, परंतु तो दुसऱ्याचा.

इंग्लंडमध्ये नेमके असेच एक प्रकरण घडले. विम्बल्डन हा क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्स येथे हलवण्यात आला व २००४ मध्ये त्याचे नावही बदलले. हलवण्यास परवानगी मिळताच, २००२ मध्येच, चाहत्यांनी स्वतःच्या मालकीचा एएफसी विम्बल्डन हा क्लब काढला, तो अगदी खालच्या पायरीपासून सुरू केला, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या परिसरात परत आणला. हे शक्य झाले, कारण तेथे खालपासून वरपर्यंत चढत जाण्याची शिडी होती. पुण्याच्या चाहत्यांनी तसे मनात आणले असते तरी चढायचे कोठून, हा प्रश्न होता. इंडियन सुपर लीगमध्ये त्या काळी प्रवेश पैसे भरूनच मिळत असे. आय-लीगच्या विजेत्याला बढती देण्याची पद्धत त्यानंतर आली आणि २०२३ मध्ये पंजाबचा संघ त्या मार्गाने वर गेला. जर्मनीत १९९८ पासून क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मताधिकार राहावा असा नियम आहे. त्यालाही अपवाद आहेत व पळवाटाही काढल्या गेल्या आहेत, तरी क्लब रातोरात दुसऱ्या शहरात हलवणे तेथे सहजी शक्य नाही.

मुंबई व कोल्हापूर

मुंबई सिटीची कथा वेगळ्या प्रकारची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने तिचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच हंगामात गोव्याचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि त्यांच्यापाठोपाठ जाहू, बूमूस, फॉल व मंदार राव देसाई हे गोव्याचे खेळाडूही मुंबईत आले. १३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगच्या अखेरच्या क्षणीच्या गोलने मुंबई विजेती झाली. ही पुनर्बांधणी की तयार घर उचलून आणणे, असा प्रश्न गोव्यातील चाहत्यांनी विचारणे स्वाभाविक होते. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा मुंबई हा पहिला भारतीय क्लब ठरला. विजयी गोल राहुल भेके या मुंबईकराचा होता. मात्र लीगचेच भवितव्य अनिश्चित झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये सिटी ग्रुपने आपला हिस्सा सोडला. जगातील अत्यंत धनाढ्य मालकही मालकच असतो, रहिवासी नसतो. तरीही क्लब मुंबईतच राहिला, हा पुण्याच्या तुलनेत मोठा फरक.

याच्या नेमके उलट चित्र कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. त्यांची स्पर्धा शाहू स्टेडियमवर भरते. तेथेही बाहेरगावचे व परदेशी खेळाडू मानधनावर येतात, संघ घसरतात, कार्यकर्ते बदलतात, गल्लीत कडाक्याचे वाद होतात. क्वचित ते मैदानाबाहेर हातघाईवरही येतात, हे गुण म्हणून सांगण्यासारखे नाही. पण पाटाकडील तालीम विकत घेऊन कोणी दुसऱ्या शहरात नेईल ही कल्पनाच तेथे कोणाच्या मनात येत नाही, कारण विकण्याजोगा परवाना असा काही नाही. त्याच कारणाने तेथे मोठे भांडवलही येत नाही. मुळे आणि भांडवल एकत्र नांदवणारी रचना महाराष्ट्राला अद्याप साधलेली नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीतील खेळाडूच्या दृष्टीने या रचनेचा प्रश्न भावनेपुरता नाही. शालेय स्पर्धेत चमकलेल्या मुलासाठी पुढची पायरी म्हणजे अकादमी, आणि अकादमी क्लबच्या आधाराने जगते. पुणे सिटी बंद झाला तेव्हा वृत्तपत्रांत चर्चा मुख्यतः नामवंत खेळाडू कोठे जाणार याची झाली. ते हैदराबादेत गेलेच. परंतु पुणे एफसीकडून पुणे सिटीकडे आलेली अकादमीची जी परंपरा होती ती तेथेच थांबली. प्रथम संघाला नवा मालक मिळतो, बारा-चौदा वर्षांच्या मुलांना तो मिळेलच असे नाही. चाहत्यांच्या वादात हा मुद्दा अभावानेच येतो, कारण या मुलांची नावे अजून कोणाला ठाऊक नसतात.

बालेवाडीचे मैदान मात्र उभे आहे. २०२२ च्या आशियाई महिला चषकाचे सामने तेथे झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीने इराणच्या नासाजी संघाविरुद्धचा आशियाई चॅम्पियन्स लीगमधील आपला ‘घरचा’ सामना तेथेच खेळला व तो २-० असा गमावला. प्रेक्षागृहात पुणेकर होते. संघ मुंबईचा होता.