दाताचा एमआरआय : चुंबक मोठं नको, कॉइल जवळ हवी

दाढ ठणकू लागली की बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात काय नि मुंबईत काय, डॉक्टर आधी एक्स-रे काढतात, फार तर ओपीजी, म्हणजे सगळा जबडा दाखवणारा एक्स-रे. त्यात कीड दिसते, हाड दिसतं. आतली नस सुजली आहे का, ते दिसत नाही. एमआरआयला ते दिसू शकतं, तेही किरणोत्सर्गाशिवाय. अडचण अशी की नेहमीच्या एमआरआयमध्ये दात काळाच उमटतो. हे तंत्र मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश टिपतं आणि दाताचं इनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. उरलेलं पाणी इतकं जखडलेलं की त्याचा संदेश मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासच विझतो. नेहमीचा स्कॅन टिपायला लागतो, तोवर तो संपलेला असतो.

मग स्कॅन जास्त वेळ चालवा, असं कुणी म्हणेल. पण हिशेब करून पाहा. दाताचे बारकावे दिसायला चित्रकण, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, बारीक हवा. त्याची प्रत्येक बाजू 0.4 वरून 0.2 मिलिमीटर केली की त्यातला संदेश आठपटीने घटतो. ती घट नुसत्या वेळेने भरून काढायची तर 64 पट वेळ लागतो. पाच मिनिटांची 320 मिनिटं होतात, आणि तेवढा वेळ आवंढा न गिळता कोण पडून राहणार? जास्त ताकदीच्या चुंबकाने संदेश वाढतो खरा, पण ब्रेसेसच्या पोलादी तारांमुळे चित्रात येणारी विकृतीही वाढते. म्हणून माझ्या मते खरी सुधारणा दोन ठिकाणी आहे. एक, तत्काळ टिपण्याची पद्धत : अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात विकसित झालेल्या ‘स्विफ्ट’ तंत्रात लहरी सोडणं आणि संदेश टिपणं जवळजवळ एकाच वेळी चालतं, त्यामुळे इनॅमलही दिसतं. दुसरं, संदेश झेलणारी कॉइल गालाला चिकटून किंवा थेट तोंडात ठेवणं. सीमेन्स हेल्थिनिअर्स आणि डेन्टस्प्लाय सिरोना यांनी 2024 मध्ये जाहीर केलेलं दातांचं एमआरआय यंत्र चुंबकाच्या ताकदीत फक्त 0.55 टेस्लाचं आहे, ते उगीच नव्हे.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, याहून बारीक तपशील स्वस्तात देतो, हा आक्षेप रास्तच आहे. मुळाला गेलेली चीर शोधायला तोच घ्यावा. पण अक्कलदाढेखालची नस खुद्द दाखवण्यात एमआरआय सरस ठरतो. पवईच्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेने 1.5 टेस्लाचं देशी एमआरआय यंत्र विकसित केलं आहे. त्याच्या जोडीला दातांची कॉइलही तिथेच घडवायला हवी.