उन्हाची पंगत

बसा असे ऐसपैस, बाजेवर जागा आहे. कंदिलाची काच मी संध्याकाळीच राखेनं घासून ठेवली होती, कारण वळिवाचं वारं सुटलं की लाइन जायचीच, हे या वयात पंचांग न बघताही कळतं. आता तुम्ही म्हणाल, वर स्लॅबवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल आणि खाली हा बुढा कंदील लावून बसलाय! रात्रीचं सोडा, लाइन गेली की भर दुपारीसुद्धा हीच गत होते. गेल्या मे महिन्यात ऊन असं होतं की अंगणातली कोंबडीसुद्धा पाय उचलून उचलून चालत होती, आणि तेवढ्यात पंखा थांबला. धाकटी नात जिना चढून वर जाऊन आली. पॅनेल जागेवर, सूर्यही जागेवर. कमरेवर हात ठेवून मला विचारते, "आबाजी, लाइन गेली तं गेली, सूर्य तं हाये ना! मंग पंखा काऊन बंद झाला?"

प्रश्न खरा होता. भिंतीवरचा तो इन्व्हर्टर म्हणजे भजनातल्या टाळकऱ्यासारखा. बाहेरच्या लाइनीचा ठेका चालू असेल, सेकंदाला पन्नास हेलकावे, तर हा त्याच्या तालावर आपले टाळ वाजवणार. मृदंग थांबला की हाही गप्प. मुद्दामच तसा केलाय. लाइन गेली म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याच्या हिशेबी तारा मेलेल्या असतात, आणि त्याच वेळी गावातल्या पन्नास स्लॅबांवरून वीज उलटी तारेत शिरली तर बिचाऱ्याचं काय होईल? लाइन नसतानाही दिवा हवा असेल तर बॅटरी लागते आणि तसा वेगळा इन्व्हर्टर लागतो. त्याचे पैसे वेगळे, आणि ते आम्ही वाचवले. हे सगळं नातीला समजावून झाल्यावर आमची बुढी पदरानं वारा घेत म्हणाली, "म्हंजे सूर्याच्या घरीबी परवानगी लागते म्हना की!"

पण मला खरी मौज वाटते ती पॅनेलच्या पोटातली. त्यात ना चाक, ना पट्टा, ना तेलपाणी. नांदगाव पेठेला कोळशावरची वीज होते, तिथे आपल्याच सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी जातं, त्याची वाफ करायची, वाफेनं चाक फिरवायचं, केवढा तो खटाटोप! आणि इथे एक निळं-काळं भिंग उन्हात नुसतं पडून असतं. भिंग कशाचं, तर सिलिकॉनचं. वर्धेच्या पात्रात मुलं ज्या रेतीचे खोपे करतात ना, त्या रेतीतला मोठा ऐवज म्हणजे ऑक्सिजनला बिलगून बसलेलं हेच सिलिकॉन. ते सोडवून, गाळून इतकं शुद्ध करायचं की दहा लाखांत एक परका कण सापडू नये, आणि एवढी सोवळ्याची खटपट झाल्यावर माणूस त्यात मुद्दाम चिमूटभर भेसळ करतो! एका बाजूला फॉस्फरस, दुसऱ्या बाजूला बोरॉन.

आता लग्नाच्या मांडवातल्या दोन पंगती डोळ्यांसमोर आणा. फॉस्फरसच्या पंगतीत पाटांपेक्षा पाहुणे जास्त, बोरॉनच्या पंगतीत पाहुण्यांपेक्षा पाट जास्त. पाहुणे म्हणजे इलेक्ट्रॉन. दोन्ही पंगती जिथे भिडतात तिथले आगाऊ पाहुणे पटकन सरकून समोरच्या रिकाम्या पाटांवर बसतात. झालं, तिथे रुसवा सुरू होतो. इकडून माणसं गेली, तिकडे जास्त झाली, आणि त्या ओढाताणीचं मधोमध असं काही कुंपण पडतं की पाहुण्याला ते एकाच बाजूला ढकलतं, उलटं येऊ देत नाही. मग वरून उन्हाचा कण येतो आणि जेवत बसलेल्या एखाद्याला पाटावरून उठवतो. उठला की कुंपण त्याला फॉस्फरसच्या अंगणात लोटतं. आता बिचाऱ्याला आपल्या पाटावर परत यायचं तर सरळ वाट बंद. मांडवाला वळसा घालून, तारेतून, थेट आपल्या घरातून फिरून यावं लागतं. त्या वाटेवर आपण त्याच्याकडून पंखा फिरवून घेतो, मिक्सरात चटणी वाटून घेतो. बरं, माणूस दमतो तसा तो दमत नाही, आणि पाट जागचा हलत नाही, म्हणून पंचवीस वर्षं ही पंगत उठतच नाही.

ही करामत पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आली? फ्रान्समधल्या एडमंड बेकरेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं १८३९ साली द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पत्र्यावर उजेड पाडला, तर त्यातून वीज निघाली. लोकांनी नवल केलं आणि विसरले. पुढे १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या तिघांनी, चॅपिन, फुलर आणि पीअर्सन यांनी, सिलिकॉनचा कामाचा सौरघट केला आणि लोकांना पटावं म्हणून त्याच्यावर काय फिरवून दाखवलं असेल? आकाशपाळणा! सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत असतो तसाच, फक्त खेळण्याएवढा. तेव्हा शंभरातले सहा भागच ऊन विजेत उतरत होतं. आता आमच्या स्लॅबवरचं पॅनेल वीस-एकवीस भाग उतरवतं. बाकीचं ऊन जातं कुठे, तर काच तापवण्यात. आणि इथेच वऱ्हाडी माणसाला हसू फुटतं.

आपल्याला वाटतं, अकोल्या-अमरावतीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो म्हणजे विजेची नुसती लयलूट असणार. अहो, पॅनेलला ऊन हवं असतं, गरमी नको असते! कारखान्यात त्याची ताकद मोजतात ती पंचवीस अंशांवर. आपल्या मे महिन्यात ते भिंग पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापतं, आणि पंचवीसच्या वरच्या दर अंशाला शंभरातल्या एका भागाचा जवळपास एक तृतीयांश गळतो. म्हणजे ऐन दुपारी शंभरातले बारा-पंधरा भाग सूर्यानं द्यायचे आणि सूर्यानंच परत न्यायचे. माझं म्हणाल तर होळीच्या आसपासचं लख्ख, पण अजून न पेटलेलं ऊन त्याला सगळ्यात मानवतं. आमचा पोरगा दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारायला निघाला होता, त्याला मी जिन्यावरच अडवलं. तापल्या तव्यावर पाणी मारून बघ म्हटलं. धुवायचे ते पहाटे.

धुवायचे मात्र नेमानं. बांधकामावर घमेली पोचवणारी माणसांची रांग असते ना, त्यातला एक जण तंबाखू मळत थांबला की सगळी रांग थांबते. पॅनेलमधल्या चकत्या तशाच एकापुढे एक जोडलेल्या. एका चकतीवर कावळ्यानं शिटलं, किंवा शेजारच्या कडुलिंबाची फांदी आडवी आली, तर तिच्यामागच्या सगळ्या खोळंबतात. हल्ली त्या रांगेला बाजूनं निघून जायला वाट ठेवलेली असते म्हणून थोडक्यात निभावतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, तिरपेपणा वीस-एकवीस अंश, कारण आपली मोर्शी विषुववृत्तापासून एकवीस अंशांवर बसली आहे. मे सरताना आणि जुलैच्या मध्यावर एकेक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर आणि खांबाला सावलीच नाही. जुलैतला बहुधा ढगात जातो.

ढगांवरून वाऱ्याचं आठवलं. "पावसाळ्यात ऊन नसते तवा पवनचक्की लावू ना," असं थोरला नातू म्हणाला होता. हिशेब वाईट नाही, कारण आपल्याकडे वारं वाहतं ते पावसाळ्यातच. पण वारा हे फार लहरी जनावर आहे. त्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो. खळ्यात ज्वारी उपणताना मी तिवईवर टोपलं धरून तासन् तास उभा राहिलोय. सूर्य कलला की जरा झुळूक यायची, दोन टोपली झाली की गुल. ज्या वाऱ्यानं भुसा उडायला कुरकुर केली, तो माझं घर काय उजळणार? पवनचक्क्या शोभतात त्या साताऱ्याकडे, पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर. गंमत म्हणजे त्याच पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. वारा दाराशी असून त्यांनी घरावर ऊनच बांधलं.

घरावर वाऱ्याची वीज पहिल्यांदा आणली ती एका स्कॉटिश प्राध्यापकानं. जेम्स ब्लाइथ त्याचं नाव. १८८७ साली मेरीकर्क गावातल्या सुट्टीच्या घराच्या बागेत त्यानं कापडी शिडांची पवनचक्की उभारली, बॅटऱ्या भरल्या, दिवे लावले. वीज उरायला लागली तेव्हा भला माणूस गावकऱ्यांना म्हणाला, गावच्या रस्त्यावर फुकट दिवे लावतो. गावकरी म्हणाले, नको, हे सैतानाचं काम! मग त्यानं तसलंच यंत्र पुढे माँट्रोजच्या वेड्यांच्या इस्पितळाला दिलं. शहाण्यांनी नाकारलेला उजेड वेड्यांनी घेतला, यावर मी पुष्कळदा एकटाच हसलो आहे.

आपल्याकडचे शहाणे तेवढे नाहीत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं म्हटल्यावर आमच्या गल्लीत चार स्लॅब चमकू लागले. एका किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट धरा, शंभरेक चौरस फूट स्लॅब धरा. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण तिकडून घेतो, आणि नेट मीटर दोन्हीकडचं देणं-घेणं लिहून ठेवतो. आमच्या बुढीनं सांडगे-पापड घालायची जागा गेली म्हणून महिनाभर अबोला धरला होता, तो भाग वेगळा. आता ती पॅनेलच्या सावलीत बाज टाकून बसते. खालची खोलीही त्या सावलीनं थोडी निवली आहे, हे मात्र तिनं अजून कबूल केलेलं नाही.

खरा फरक पडला तो वावरात. संत्र्याच्या बागेला ओलीत करायचं तर लाइन रात्रीची यायची. दोनला उठायचं, काठी आणि बॅटरी घ्यायची, धुऱ्यानं सापाकिरड्यातून जायचं, मोटर लावायची आणि पहाटेपर्यंत झाडाझाडाला पाणी वळवत फिरायचं. डिसेंबरातल्या रात्री तर हात फावड्यालाच चिकटायचे. तीस वर्षं हे केलं. दोन वर्षांपूर्वी पोरानं सौर पंप घेतला. सकाळी ऊन तापलं की आपोआप पाणी सुरू, ढग आला की धार बारीक, ढग सरला की पुन्हा मोठी. विहिरीवर बसून वर न बघता आभाळ कळतं.

पण इतक्या वर्षांची सवय, रात्री दोनला मला जाग येतेच. अंधारात चपला चाचपतो, काठी कुठे ठेवली ते शोधतो. मग शेजारच्या बाजेवरून बुढीचा आवाज येतो, "झोपा मुकाट्यानं. तुमची मोटर अजून उगवली नाही."